तेरा महिन्यांचं वर्ष

“आजी, पास संपलाय तुमचा. एकोणीस दिवस झाले,” असं म्हणून प्रतीक्षानं वॉटर पार्कच्या तिकीटखिडकीतून कार्ड परत सरकवलं.

हरणाबाई हसली. सणाच्या गर्दीत पोरीची मोजदाद चुकली असेल, असं तिला वाटलं. सात वर्षांच्या जाईला, आपल्या नातीला, तिनं या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि सावकाश समजावून सांगितलं. पास गेल्या दसऱ्याला काढला होता, याच खिडकीवर. आज दसरा. वर्ष आजच भरतंय, आणि भरायच्या दिवशीच ती पुढच्या वर्षाचा घ्यायला आली आहे. सोनं म्हणून आपट्याची दोन पानंसुद्धा तिनं आधीच खिडकीत ठेवली होती.

प्रतीक्षानं कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवलं. एक ऑक्टोबर. आज वीस.

तेव्हा कुठं हरणाबाईच्या डोक्यात उजेड पडला. यंदा धोंड्याचा महिना आला होता, ज्येष्ठ दोनदा. तो महिनाभर ती रोज संध्याकाळी गावच्या देवळात कीर्तनाला बसली होती. बारांच्या वरचा हा महिना कुणीच देव आपला म्हणेना, शेवटी भगवंतानंच त्याला पदरात घेतलं, असं सांगताना बुवा थांबले, मृदंग थांबला, आणि हरणाबाईनं डोळ्याला पदर लावला होता. तोच महिना आता तिच्या वर्षात घुसून बसला होता. मधले तीन आठवडे जाई कांजिण्यांनी पडून होती. नाहीतर फाटकावर आधीच कळलं असतं.

“बरं, मग नवा दे,” ती म्हणाली.

प्रतीक्षा इकडंतिकडं बघत हळू आवाजात बोलली. जुनी योजना या महिन्यापासून बंद झाली होती. मुदतीच्या आत ज्यांनी पास पुढं चालवला, त्यांना जुनेच नियम, बाकीच्यांना नवे. जुन्या पासावर पोराला धरायला घरचं एक माणूस पाण्यात उतरू शकत होतं. आता घरच्यांनी काठावर बसायचं. आणि पास मिळणार तो भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीसमोर कुणी न धरता उभं राहणाऱ्या पोरालाच. तसा फोटो काढल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं सरकत नव्हता.

जाईला जन्मापासून उभं राहता येत नव्हतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्यात अंगाचा भार उतरतो, तिथं चालवा. गावात पाणी म्हणजे चाळीस पायऱ्यांची विहीर. म्हणून दर सोमवारी गावाहून जीप धरून हरणाबाई हायवेवरच्या या वॉटर पार्कात यायची, लुगड्यासकट पोरांच्या तळ्यात उतरायची. काठापासून सिमेंटच्या हत्तीपर्यंत अकरा पावलं. ती मोजायची आणि जाई टाकायची. शेवटच्या खेपेला जाईनं त्यातली दोन पावलं आजीचा हात सोडून टाकली होती.

फाटकाच्या गजांतून तो हत्ती इथूनही दिसत होता. सोंडेतून पाणी उडत होतं.

हरणाबाईनं खिडकीत वाकून पाहिलं. कॉम्प्युटरला झेंडूचा हार होता, वर कुंकवाचं बोट.

“सकाळी ह्याची पूजा केलीस न्हवं? ती तिथीनं केलीस का तारखंनं?”

“आजी, ह्याला धोंडा कळत न्हाय.”

“मग पूजा कुणाची केलीस?”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, मावशी, पंचांग घरी जाऊन बघा, आमची पोरं उन्हात उभी आहेत. दोघं-चौघं हसले. हरणाबाईनं मागं वळून पाहिलं. हसणाऱ्यांची पोरं खरंच उभी होती, एका पायावर, दोन पायांवर, उड्या मारत.

प्रतीक्षानं वरच्या साहेबांना दोनदा फोन लावला. दुसऱ्यांदा बोलताना ती खुर्चीतून उठून कोपऱ्यात गेली, पाठमोरी झाली. परत आली तेव्हा तिनं नुसती नकाराची मान हलवली.

“फोटो काढ,” हरणाबाई म्हणाली.

“आजी, कसं व्हईल?”

“काढ म्हणते न्हवं.”

पट्टीवर एक उंच जिराफ रंगवला होता. त्याला पाठ लावून तिनं जाईला उभं केलं. नवा फ्रॉक, केसात झेंडूचं एक फूल. स्वतः बाजूला बसकण मारली आणि फ्रॉकच्या घेराआडून पोरीची कंबर धरली. प्रतीक्षा बाहेर आली, हातातला कॅमेरा डोळ्यासमोर धरून थांबली.

“हात दिसायलाय, आजी.”

हरणाबाई आणखी खाली वाकली, हात गुडघ्यामागं नेला.

“बांगड्या दिसायल्यात.”

तिनं बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या. मग फरशीवर जवळजवळ आडवी झाली आणि जाईचे दोन्ही घोटे मुठीत घट्ट धरले. रांगेतलं हसू केव्हाच थांबलं होतं. प्रतीक्षानं कॅमेरा खाली घेतला, पुन्हा वर नेला. तिचे डोळे भरले होते.

“एकदाच सोडा, आजी. मी लगेच घेते. एकदाच.”

हरणाबाईनं फरशीवरूनच नातीकडं वर पाहिलं. “त्यो बघ हत्ती. आपण मोजू, माय. अकरापर्यंत न्हाय, दोनच.”

एकेक करत तिनं बोटं सैल केली. “एक,” ती म्हणाली.

जाईनं वाकून आजीचे केस दोन्ही मुठींत धरले.

“आजी,” ती म्हणाली, “हितं पानी न्हाय.”