रांगोळीचा चेहरा

“रंग नको. रांगोळीच वापरा, पायांनी पुसली जाईल अशी,” शरच्चंद्र म्हणाले. “मुलगी घरी आली की मागे काही राहायला नको. लोक आधीच बोलतात.”

पुंजारामला ते पटलं. पत्रा कापून साचे करायचे आणि भिंतींवर जाहिराती उठवायच्या, हा त्याचा धंदा. आणीबाणी उठल्यापासून निवडणुकांचं काम भरपूर होतं. पण हे काम त्याने सगळं बाजूला सारून घेतलं. कारण शरच्चंद्रांची कुसुम पळून गेली होती ती पुंजारामच्याच समाजातल्या मुलाबरोबर, आणि तरीही बाप तिला परत बोलवत होता. काळ बदलतोय, असं तो बायकोला म्हणाला. लताबाई नुसतीच भाकरी थापत राहिली.

फोटोवरून त्याने साचा कापला. रोज सकाळी एसटी स्टँडपाशी, बाजारात तो साचा ठेवून वरून रांगोळी चाळायचा. कुसुमचा चेहरा उमटायचा. खाली अक्षरं: ‘कुसुम, घरी ये. आम्ही रागावलो नाही.’ दुपारपर्यंत चपलांनी सगळं पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा काढायचा. वेडाच होता म्हणा.

एके सकाळी त्याने पहिल्यांदाच रामकुंडाच्या फरशीवर चेहरा काढला. मान वर केली तर समोर तीच उभी. सिन्नरहून बाजाराला आली होती. रडत होती.

“काका, बाबा खरंच रागावले नाहीत?”

“रागावलेला माणूस रोज लेकीचा चेहरा काढून घेईल का? चल, मी सोडतो तुला.”

ती कचरत होती. नवऱ्याला सांगून येते म्हणाली. पुंजारामनेच तिची समजूत घातली.

शरच्चंद्रांनी दार उघडलं, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. आता चेहरा काढू नका, असं पुंजारामला सांगितलं आणि दार लावून घेतलं. पुंजारामचे डोळे भरून आले.

साचा घाटावरच राहिला होता. तो आणायला गेला, तर दहाव्या-तेराव्याचे विधी करणारे शामसुंदर गुरुजी त्या चेहऱ्यापाशी उभे होते.

“ही शरच्चंद्रांची कुसुम ना?” त्यांनी विचारलं. “हिचं दहावं मीच केलं, गेल्या महिन्यात. दर्भाची बाहुली जाळून.”

पुंजारामने शरच्चंद्रांच्या घराच्या दिशेने पाहिलं.

“मी विचारलं होतं त्यांना, देह कुठे आहे,” गुरुजी म्हणाले. “म्हणाले, अजून मिळायचाय.”