शैलजाचा डेस्कटॉप

"हा डेस्कटॉप आहे की सासू, काका?" रुकय्या वैतागून म्हणाली. "रक्तदात्याला फोन लावायला गेलं की आधी आठवडी बाजाराचं वेळापत्रक उघडतो. बाकीच्यांचे डेस्कटॉप त्यांच्या सवयी शिकतात, हा माझं काहीच शिकत नाही."

रक्तपेढीचा सर्व्हर सांभाळणारे भालचंद्र तिच्या शेजारी बसले. "बिघडलेला नाही तो. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं तालुक्याला येतातच. शैलजा त्यांना त्याच दिवशी बोलवायची, म्हणजे कुणाची मजुरी बुडत नसे."

"काकूंचा आहे हा?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. माणूस गेला की त्याचा डेस्कटॉप सर्व्हरवरून आपोआप पुसला जाई. ती सोय भालचंद्रांनीच लावली होती. बायको वारली तेव्हा तिचा तेवढा त्यांनी रुकय्याच्या नावावर करून वाचवला आणि त्याचं शिकणं बंद केलं. शिकत राहिला असता तर तो रुकय्याच्या सवयी उचलून शैलजाच्या विसरला असता.

"मग मला दुसरा द्या," रुकय्या हळूच म्हणाली. "हा तुम्ही ठेवा."

भालचंद्रांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. शैलजा नव्या मुलींना शेजारी बसवून काम शिकवायची. त्यांनी डेस्कटॉपचं शिकणं पुन्हा सुरू केलं. 'जुन्या सवयी पुसल्या जाऊ शकतात. चालेल?' असं पडद्यावर आलं. त्यांनी 'हो' दाबलं.

"बाजाराचं वेळापत्रक वापरत राहिलीस तर ते टिकेल," ते म्हणाले. "बाकी तुझ्या मनासारखं कर."

रुकय्याने फोन लावला. पलीकडच्याने शैलजाताई कुठे आहेत असं विचारलं असावं.

"मी नवीन आहे, दादा," ती म्हणाली. "पण मंगळवारी तुम्ही बाजाराला येणार, हे मला ठाऊक आहे."