सातवी पिढी

"बगा मॅडम, कसली तरारलीत!" बानाबाई वाफ्याच्या कडेला उभी राहून म्हणाली.

फुलकोबीची रोपं खरंच तरारली होती. रुंद पानं, जाड बुंधे, उंची गुडघ्याला लागलेली. करमाडजवळच्या या संशोधन केंद्रात दुसरं कोणी असतं तर खूश झालं असतं. सोनियाने मात्र वाकून एकेक बुंधा चाचपून पाहिला.

हा वाण शुद्ध करायला तिने सहा वर्षं घातली होती. दर पिढीत झाड आपल्याच परागावर फळवायचं, म्हणजे पुढची सगळी रोपं एकसारखी निघतात. उमललेलं फूल स्वतःच्या झाडाचा पराग स्वीकारत नाही, म्हणून मिटलेली कळी चिमट्याने उघडून आत पराग टेकवावा लागतो. ते काम बानाबाईसारखं कोणाला जमत नसे. असं घरच्या घरात केलं की वाण शुद्ध होतो, पण दर पिढीला खुरटतोही. यंदाची रोपं वीतभर आणि किरटी निघायला हवी होती.

"मावशी, मागच्या हिवाळ्यात पराग कुठला लावला?"

बानाबाईने काही लपवलं नाही. "समोरच्या वाफ्यातल्या दुसऱ्या वाणाचा. ह्याचं एकच झाड उरलं व्हतं, तेबी मरतुकडं. आमचे मालक दर दोन वर्साला सिल्लोडहून दुसरा एडका आनतेत. कळपातलाच ठिवला तर कोकरं उभी राहात नायत. मला वाटलं, तुमा शिकलेल्या मान्सांना हे कोनी सांगितलंच नसंल."

"सगळ्या कळ्यांना लावला?"

"समद्या. एकीला लावायचा न् दुसरीला नाय, असं कसं करावं?"

सोनियाला संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. मागच्या वर्षी शेंगा टपोऱ्या भरल्या, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. तेव्हा तीही खूश झाली होती. आता ओरडायचं तरी कोणावर? मेंढरांमागे पिढ्यान्‌पिढ्या फिरून जे शहाणपण येतं, तेच बाईने इथं वापरलं होतं.

"उपटा सगळी."

"अवो, चांगली हायेत की!"

"चांगली आहेत म्हणूनच."

बानाबाई खाली बसली. एकेक रोप उपटून, मुळाची माती झटकून तिने ओळीने आडवं ठेवलं. तोवर सोनियाने फ्रीजमधून एक पाकीट आणलं.

"सहाव्या पिढीचे अकरा दाणे शिल्लक आहेत. एवढेच. हे तुम्ही पेरा."

"म्या? परत?"

"कळी दुसऱ्या कोणाच्या हाताने नीट उघडत नाही."

बानाबाईने दाणे तळहातावर घेतले. मोहरीसारखे, त्यातले तीनचार सुरकुतलेले.

"हे मरतुकडे निघाले तर तुमाला बरं वाटंल?"

"हो."

"न् ह्यांना ह्यांचाच पराग लावायचा. खुरटत्यात हे डोळ्यांनी दिसलं तरी."

"हो, मावशी."

तिने पदराला हात पुसले. ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक दाणा टाकून वर चिमूटभर माती लोटली. अकरावा दाणा अंगठ्याने दाबताना ती पुटपुटली,

"किरटंच ये बाबा. पन ये."