पेटी

पडद्यावरचा आकडा बघून बेलसरेबाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. "आम्ही दिलेल्या संगणक-पेटीमुळे बाईंच्या शाळेतल्या मुलांची जिज्ञासा साठ टक्क्यांनी वाढली," डॉ. गंद्रे सांगत होते. संगणक-शिक्षण सुधारायला जमलेले प्राध्यापक माना डोलावत होते. यातल्या कितींनी अलीकडे एखादं शाळकरी पोर जवळून पाहिलं असेल, कोण जाणे.

मग गंद्रेंनी गळा दाटून आल्यासारखं करत एका विद्यार्थ्याचं वाक्य वाचलं: "पेटी आली आणि माझं जग मोठं झालं." ते बाईंचंच वाक्य होतं. मुदत संपत आली म्हणून चाळीस मुलांचे पाहणीचे फॉर्म त्यांनी मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, एकटीने भरून टाकले होते.

टाळ्या पडल्या. बाईंना स्वतःचीच शिसारी आली.

"बाई, दोन शब्द बोला," गंद्रे म्हणाले.

"पेटी अजून सीलबंद आहे, सर. काही मोडलं तर चौकशी लागेल म्हणून मुख्याध्यापक साहेबांनी ती कपाटात ठेवायला लावली. पोरं रोज विचारतात, कधी उघडायची. फॉर्म मीच भरले." बाईंनी पर्समधून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

गंद्रे किल्लीकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे पेटी न उघडताच साठ टक्के. याच्यावर तर स्वतंत्र पेपर होईल." या वेळी टाळ्या जास्त वाजल्या. गंद्रेंनी किल्ली उचलून बाईंच्या हातात परत दिली.

"पुढच्या परिषदेपर्यंत तेवढी उघडू नका, बाई."