जिंकल्यावरची धून

"वाजलं तर बरोबर नेऊ, नाही तर भंगारात," बाळ्या म्हणाला आणि त्यानं टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. टीव्हीला जोडलेल्या त्या जुन्या कॉम्प्युटरचं चित्र झकास येत होतं, पण आवाजाच्या नावानं शंख.

"आत्ताच टाक," कॉम्प्युटरच्या टेबलाच्या वरच्या खिडकीतून आई म्हणाली. जेवणाची ताटं सरकवायची ती खिडकी, पलीकडे स्वयंपाकघर. "या डबड्यापायी तुझं गणित गेलं खड्ड्यात."

उद्या सकाळी घर रिकामं करून आई त्याच्याकडे राहायला जाणार होती. ती भांडी बांधत होती, आणि पन्नाशीला टेकलेला हा बाळ्या वायरी उपसत बसला होता. वायर बदलली, पिना पुसल्या. छे! टीव्हीचा स्वतःचा आवाज ठणठणीत होता. म्हणजे दुखणं कॉम्प्युटरचंच.

त्याला एकच धून हवी होती. खेळ जिंकला की वाजायची ती. बाबांनीच ती आत भरली असणार, असं त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. बाबा गेले, त्यांचा आवाज कुठं टेप केलेला नव्हता. उरली होती ती एवढीच धून, आणि तीही आता त्याला धड आठवेना.

तो शिट्टीवर ती जुळवून पाहू लागला आणि मध्येच अडखळला.

"घरात शिट्टी नको!" आई खेकसली. लहानपणापासून हाच नियम.

"आई, हे असं पूर्वीही मुकं झालं होतं गं. मामा आजारी होता, तू तिकडे गेली होतीस तेव्हा. बाबा म्हणाले, उकाड्यानं होतं असं. मग आपोआप बरं झालं."

"यंत्रच ते. फिरली असेल लहर."

शेवटी त्यानं स्क्रू काढून झाकण उघडलं आणि आत डोकावून पाहिलं. आवाजाच्या चिपची जागा रिकामी होती. चिप निघालेली नव्हती, ती कधी बसवलेलीच नव्हती. भोकं कोरी करकरीत, सोल्डरचा डाग दिल्याची खूणसुद्धा नाही. बाबांनी आणलं होतं ते स्वस्तातलं, जन्माचं मुकं मॉडेल.

"हे कधी वाजलंच नाही गं," तो म्हणाला. "माझ्याच मनाचे खेळ सगळे. जाऊ दे भंगारात."

आत नळ बंद झाला.

"टाकायचंय तर टाक," आई म्हणाली. "पण शेवटचा एक डाव खेळ."

त्यानं झाकण लावलं आणि खेळाची कॅसेट खोचली. बोटं काही विसरली नव्हती. चुकत, धडपडत तो शेवटपर्यंत पोचला आणि सवयीनं दोन्ही हात वर करून ओरडला, "जिंकलो!"

आणि वरच्या खिडकीतून, थोडी धापा टाकत, शिट्टीवर ती अख्खी धून आली.