कडेचं क्रीम

आजोबांनी प्रयोगशाळेच्या काउंटरवर क्रीमची अर्धवट संपलेली डबी ठेवली. "पोरी, यात क्रीम टिकवायचं रसायन आहे का, तेवढं बघ."

"लगेच कळेल," तपासणी करणारी म्हणाली आणि तिनं चमचा डबीकडे नेला. त्यांनी घाईनं तिचा हात धरला.

"मधलं नको गं, कडेचं घे. तो खळगा आमच्या हिच्या बोटाचा आहे. शेवटचं क्रीम तिनंच घेतलं होतं."

तिनं कडेचं थोडंसं क्रीम काचेच्या नळीत घेतलं आणि त्यावर तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले. बघता बघता नळीत जांभळा रंग चढला. हा रंग दिसला की लोकांची तोंडं उतरायची, म्हणून तिनं बिचकतच सांगितलं, "आहे, आजोबा. चांगलं भरपूर आहे."

आजोबांचा चेहरा खुलला. "म्हणजे हे नासणार नाही?"

"एवढ्यात तरी नाही."

"तिचं बाकी सगळं मुलांनी आवरून टाकलं गं. घरात आता मी आणि ही डबी. किती टिकेल?"

ते उघडीच डबी उचलू लागले. तिनं ती हळूच काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि त्यांच्या ओंजळीत ठेवली.

"तुम्हाला पुरेल, आजोबा."