लागला म्हणावं

थोरल्याने हेडलाइटच्या काचेवर पुन्हा एक थाप मारली. एरवी थाप खाल्ली की दिवा मुकाट्याने लागायचा. आज दोन्ही दिवे ढिम्म.

"नवा बल्ब घातला तरी नाही! आजच बरा मुहूर्त साधलाय याने."

आई अंगणात नुसती येरझाऱ्या घालत होती. थोरल्याच्या मुलीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. जावयाचा फोन आला तेव्हा शेवटची बस निघून गेली होती. दवाखाना घाटापलीकडे, दारात ही एवढीशी म्हातारी गाडी, आणि उजेड तर बघता बघता ओसरत चाललेला. दिव्यांशिवाय घाटात शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. पण थोरल्याचा काही नेम नव्हता, तो तसाही निघाला असता.

शेजारच्या दारात धाकटा केव्हाचा उभा होता. धंद्याने वायरमन, सगळ्या गल्लीचे दिवे लावणारा. पण दोघा भावांचा अबोला असा कडक, की एकाला शिंक आली तर दुसरा तोंड फिरवायचा.

"उभा काय राहिलास खांबासारखा?" आई त्याच्यावर खेकसली. "तुझ्याच खांद्यावर बसून मोठी झालीय ना ती?"

धाकट्याला तेवढंच हवं होतं. तो टेस्टर घेऊन आला आणि गाडीपाशी थांबला.

"आई, सरक म्हणावं त्याला."

"सरक रे," आई म्हणाली. थोरला सरकला.

धाकट्याने फ्यूज काढून पाहिला. मग स्टिअरिंगखाली डोकं घालून तो आडवा झाला, पाय बाहेर. "बल्बला काही झालेलं नाही म्हणावं. स्विचखालच्या वायरचा जोड सैल झालाय. मी इथे हलवतो, मला पुढचं दिसत नाही. दिवा लागला की सांगायला सांग."

"ऐकू येतंय मला," थोरला आईला म्हणाला.

दिवा समोरच्या भिंतीवर पिवळा उमटला.

"आई, लागला म्हणावं!"

"लागला रे," आईने निरोप पोचवला. तोवर भिंत पुन्हा काळी.

"कुठे हलवल्यावर लागला, विचार."

"अरे, त्याला काय माहीत, तू कुठे हलवलंस!"

पुन्हा उजेड आला. पुन्हा "लागला म्हणावं," पुन्हा आईचं "लागला रे," आणि तोवर पुन्हा अंधार. हातभर अंतरावरचा निरोप आईच्या तोंडून फिरून जाईपर्यंत वायर जागची हललेली असायची. तिकडे पोरगी कळा सोसतेय आणि इकडे हे दोन घोडे आपल्याला मध्ये उभं करून खेळ मांडून बसलेत! शेवटी आई पायरीवर मटकन बसली.

"माझा घसा बसला. आता तुमचं तुम्ही बघा."

गाडीखालून एक मांजर निघून गेलं. धाकट्याचे बाहेर आलेले पाय तेवढे हलत होते. मग भिंत एकदम उजळली.

थोरल्याने आईकडे पाहिलं. आईने मान वळवली.

"लागला!" थोरला ओरडला. "लागला रे! तिथेच धर, हलू नकोस!"

"धरलंय!" आतून आवाज आला. "दुसरा?"

"दोन्ही! दोन्ही लागले!"

मग दोघेही गप्प झाले. चोरी पकडली गेल्यासारखे. आई पायरीवरून उठली नाही, उठली तर काहीतरी सांडेल असं तिला वाटत होतं.

धाकटा एका हाताने वायर दाबून धरत हळूहळू सरकला आणि शेजारच्या सीटवर बसता झाला. वाकून बसावं लागत होतं, मान वाकडी, खांदा डॅशबोर्डला टेकलेला.

"टेप लावलीस तर राहील का?" थोरल्याने विचारलं. या खेपेला त्याने आईकडे पाहिलंही नाही.

"राहिली असती. पण टेप नाहीये."

"घरात?"

"घरातही नाही. संपली."

वायरमनच्या घरात टेप नाही! धाकट्याच्या शर्टाच्या खिशातून काळ्या टेपची गोल कड चांगली बोटभर वर आली होती. आईने ती पाहिली. थोरल्यानेही पाहिली, बराच वेळ पाहिली.

"मग धरून बसावं लागेल तुला," तो म्हणाला. "पोचेपर्यंत."

"बसतो की."

थोरल्याने गाडी सुरू केली. आई फाटकापर्यंत धावत गेली आणि तिथेच उभी राहिली. रस्ता खड्ड्यांचा होता, गाडी पार वळणापर्यंत उडत, खडखडत गेली. दिवे एकदाही लुकलुकले नाहीत.